दुभाषी मूल

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. चार वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर राहू लागली. चौकशी केली तेव्हा कळलं, तिच्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग आहे आणि अम्मीबरोबर तिलाच मुंबईच्या रुग्णालयात जावं लागतं. अब्बू ट्रकवर. अम्मीला घरातल्या दखनीशिवाय दुसरी भाषा नाही. मुलीची मराठी चांगली, म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते तीच अम्मीला सांगते. हे ऐकून मला थोडा अभिमानच वाटला होता. तिला मराठी मीच शिकवली होती.

एक दिवस मधल्या सुट्टीत ती दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "टीचर, झूठ बोले तो गुनाह होता क्या?" डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता औषधांचा उपयोग होणार नाही, मुलाला घरी न्या, त्याला त्रास होणार नाही एवढं आपण बघू. मुलीने अम्मीला सांगितलं, "डॉक्टर बोले, घर कू लेके जाव, अच्छा हो जाता." त्या संध्याकाळी अम्मीने मोहल्ल्यात साखर वाटली.

तेव्हा मी तिला काय म्हटलं ते शेवटी सांगते. त्या रात्रीपासून मला एक प्रश्न छळू लागला. मरणाच्या वाटेवर असलेल्या मुलाची बातमी आईला कुणी सांगायची, आणि कोणत्या भाषेत? याचा विचार कुठे झालाय का, हे शोधत गेले तेव्हा वाट थेट अमेरिकेत पोहोचली, तिथल्या लॅटिनो कुटुंबांपर्यंत. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, क्युबा, पोर्तो रिको अशा मुलखांशी नातं सांगणारी, बहुतेक स्पॅनिश भाषेची ही माणसं. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. अमेरिकेतल्या दर चार मुलांमागे साधारण एक मूल लॅटिनो आहे. त्यांच्यातल्या असाध्य आजाराच्या मुलांची गोष्ट वाचताना मला जागोजागी आपली माणसं दिसली.

एका शब्दाची भीती

असाध्य रुग्णाला बरं करण्याचा हट्ट सोडून त्याची वेदना कमी करायची, घरच्यांना आधार द्यायचा, या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिची आधुनिक सुरुवात सिसिली सॉन्डर्स या बाईंनी केली. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. १९४८ साली लंडनच्या एका वॉर्डात वॉर्सातून आलेला डेव्हिड तास्मा नावाचा एक ज्यू निर्वासित मरणाला टेकला होता. जवळचं कुणी नाही. सॉन्डर्स त्याच्याशी बोलत बसायच्या. जाताना त्याने त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवले आणि सांगितलं, तुमच्या घरातली एक खिडकी मी होईन. ते घर उभं राहायला १९ वर्षं लागली. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरादाराचं आणि रूहचंही असतं, ही सॉन्डर्स यांची मांडणी 'संपूर्ण वेदना' या नावाने ओळखली जाते.

'हॉस्पिस' हा शब्द जुना. मध्ययुगात यात्रेकरूंना आसरा देणाऱ्या जागेला तो वापरत. आपल्याकडची सराई किंवा मुसाफिरखाना, तसंच काहीसं. इंग्रजीत तो शब्द मवाळ वाटतो. पण बाल्फर माउंट हे डॉक्टर कॅनडात माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात असा विभाग काढायला निघाले, तेव्हा त्यांच्यापुढे अडचण आली. शहर फ्रेंच भाषकांचं, आणि फ्रेंचमध्ये हॉस्पिस म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याची जागा. तिथे आपल्या माणसाला कोण पाठवेल? म्हणून १९७४ च्या सुमारास त्यांनी 'पॅलिएटिव्ह केअर' हे नवं नाव काढलं. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पॅलियम' आहे, म्हणजे अंगावर पांघरायचं वस्त्र. पेशंट घाबरू नयेत म्हणून एका डॉक्टराने शब्द बदलला, ही मला या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते.

स्पॅनिश भाषकांच्या वाट्याला हे आलं नाही. स्पॅनिशमध्ये हा शब्द 'ओस्पिसिओ' असा होतो, आणि त्याचा रूढ अर्थ अनाथाश्रम किंवा अनाथ-अपंगांचं आश्रयस्थान. मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात 'ओस्पिसिओ काबान्यास' ही प्रचंड वास्तू आहे. बिशप काबान्यास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अनाथ, म्हातारे आणि अपंग यांच्यासाठी ती उभारली. १९८० पर्यंत तिथे अनाथ मुलं राहत होती. आता तो जागतिक वारसा आहे, ओरोस्कोची भित्तिचित्रं पाहायला लोक तिथे जातात. ज्या आजीच्या डोक्यात या शब्दाचं हे चित्र आहे, तिला अमेरिकेतला डॉक्टर सांगतो, तुमच्या नातवाला आता हॉस्पिसची सेवा देऊ या. दुभाषा शब्दाला शब्द ठेवतो, 'ओस्पिसिओ'. आजी काय समजणार? हे लोक आमचं मूल आमच्याकडून काढून घेऊन अनाथाश्रमात टाकायला निघालेत! मग कुटुंब नाही म्हणतं आणि फाईलवर शेरा पडतो, 'सेवा नाकारली'. खरं म्हणजे त्यांनी सेवा नाकारलेलीच नसते. त्यांना जे ऐकू गेलं, ते त्यांनी नाकारलेलं असतं.

सहीची अट

अमेरिकेतलं पहिलं हॉस्पिस १९७४ साली कनेक्टिकट राज्यात सुरू झालं. त्यामागे फ्लोरेन्स वॉल्ड या नर्सिंगच्या प्राध्यापिका होत्या. पण हे सगळं मोठ्यांसाठी होतं. मुलांकडे लक्ष उशिरा गेलं. १९७० च्या दशकात मिनेसोटात आयडा मार्टिन्सन यांनी दाखवून दिलं की कर्करोगाचं मूल शेवटचे दिवस घरी, आईबापांजवळ काढू शकतं, फक्त नर्सचा आधार पाहिजे. १९८२ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला सिस्टर फ्रान्सेस डोमिनिका यांनी 'हेलन हाऊस' काढलं. ते मुलांचं पहिलं हॉस्पिस. अमेरिकेत केवळ मुलांसाठी असं स्वतंत्र घर २००४ साली उघडलं, कॅलिफोर्नियात सॅन लिआन्ड्रोला, 'जॉर्ज मार्क चिल्ड्रन्स हाऊस'.

तिथल्या कायद्याने मात्र मुलांची फार मोठी कोंडी केली होती. १९८२ साली म्हाताऱ्यांच्या सरकारी विमा योजनेत, म्हणजे मेडिकेअरमध्ये, हॉस्पिसचा खर्च आला. त्याला दोन अटी होत्या. रुग्ण सहा महिन्यांच्या आत जाईल असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं, आणि रुग्णाने बरं होण्यासाठीचे उपचार सोडायचे. पुढे गरिबांच्या मेडिकेड योजनेतही हाच साचा आला. नव्वदीच्या माणसासाठी केलेला नियम सहा वर्षांच्या मुलाला लागला. वेदनेवर घरी येणारी नर्स पाहिजे? मग आधी किमो बंद करायला सही करा.

कोणती आई अशी सही करेल? त्यात ही आई स्पॅनिश बोलणारी. स्पॅनिशमध्ये 'एस्पेरार' हे एकच क्रियापद आहे. त्याचा अर्थ आशा धरणे, आणि वाट पाहणे हाही. दोन्हींना मिळून एकच शब्द. अशा भाषेतल्या आईला कागद पुढे करून सांगायचं की वाट पाहायची असेल तर आशा सोडा.

या अटीची किंमत मुलांनी चुकवली. २००० साली बॉस्टनच्या डॉ. जोआन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या १०३ पालकांशी बोलून केलेला अभ्यास छापला. ८९ टक्के मुलांना शेवटच्या महिन्यात निदान एका लक्षणाचा तरी फार त्रास झाला होता, असं पालकांनी सांगितलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातल्या उत्तम रुग्णालयांतली ही स्थिती. २००३ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 'व्हेन चिल्ड्रन डाय' हा जाडजूड अहवाल काढला आणि मुलांना दोन्ही उपचार एकत्र मिळाले पाहिजेत, ही मागणी जोर धरू लागली.

२३ मार्च २०१० रोजी ओबामांच्या आरोग्य कायद्यावर सही झाली. त्यातल्या कलम २३०२ ने हा पेच सोडवला. मेडिकेडमधल्या २१ वर्षांखालच्या रुग्णाला आता हॉस्पिसही घेता येतं आणि आजारावरचे उपचारही चालू ठेवता येतात. आईला आशा सोडल्याची सही करावी लागत नाही. हजार पानांच्या आसपास जाणाऱ्या त्या कायद्यात हे कलम इवलंसं आहे. पण गरीब लॅटिनो कुटुंबांतली असंख्य मुलं मेडिकेडवरच असतात, त्यांच्यासाठी ते मोठं होतं.

अकरा वर्षांचा दुभाषा

पैशाचं दार उघडलं, तरी भाषेचं दार राहिलंच.

१९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका क्युबन मुलाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणलं. घरच्यांनी सांगितलं, 'इन्तोक्सिकादो' झालाय. क्युबन बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधलंय. इंग्रजी कानांना तो शब्द 'इंटॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत, असा ऐकू आला. नशेच्या पदार्थाचा अतिरेक समजून उपचार झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हात-पाय कायमचे गेले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली. अमेरिकेत दुभाष्यांना शिकवताना आजही ही गोष्ट सांगतात.

२००३ साली डॉ. ग्लेन फ्लोरेस यांनी मुलांच्या दवाखान्यातल्या फक्त १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. स्पॅनिश बोलणारे पालक, इंग्रजी बोलणारे डॉक्टर, मध्ये दुभाषा. या १३ भेटींत दुभाष्यांच्या ३९६ चुका निघाल्या, दर भेटीला सरासरी ३१. ऐनवेळी दुभाषा म्हणून कुणालाही उभं केलं होतं, त्यात नर्स होत्या, समाजसेवक होते आणि आजारी मुलाचं ११ वर्षांचं भावंडही होतं.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमची सातवीतली मुलगी बारा वर्षांची होती.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या बालरुग्णालयात मूल गमावलेल्या ४४ कुटुंबांतल्या ६८ माणसांशी संशोधक बोलले, तो अभ्यास २००२ साली आला. स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांचं एकटेपण त्यात वेगळं दिसतं. मुलाला काय होतंय हे अर्धंमुर्धं कळायचं आणि विचारायला जीभ नसायची. मूल गेल्यानंतरही हे दुःख राहतं, कारण आई वर्षानुवर्षं स्वतःला विचारत असते, मी नीट समजून घेतलं असतं तर?

कायदा इथेही हळूहळू सरकला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना राष्ट्रीय मुळावरून भेदभाव करायला बंदी केली. भाषा नाकारणं हाही तसाच भेदभाव, हा अर्थ पुढे रुजला. ऑगस्ट २००० मध्ये क्लिंटन यांनी इंग्रजी कमी येणाऱ्यांसाठी आदेश क्रमांक १३१६६ काढला. २०१६ च्या आरोग्य नियमांत तर स्पष्टच आलं की तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांना दुभाषा करायचं नाही. मात्र १ मार्च २०२५ रोजी इंग्रजीला अधिकृत भाषा जाहीर करणारा नवा आदेश निघाला आणि २००० चा तो आदेश रद्द झाला. १९६४ चा कायदा जागेवर आहे. पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते रुग्णालयातल्या गरीब बाईलाही कळतं.

'ओहाला' आणि इन्शाल्लाह

शब्द बरोबर उलथला म्हणजे माणूस समजला, असंही नाही. लॅटिनो आई डॉक्टरांचं ऐकून घेते आणि म्हणते, देवाची इच्छा असेल तर. डॉक्टर लिहितात, आईने वास्तव स्वीकारलेलं नाही. आपली एखादी खाला 'अल्लाह मालिक है' म्हणते तेव्हा ती वास्तव नाकारत असते का? ती म्हणते, तुम्ही तुमचं सांगितलंत, आता माझ्या रबशी मला बोलू द्या.

स्पॅनिश माणूस आशेने बोलताना एक शब्द हमखास वापरतो, 'ओहाला'. हा शब्द अरबी आहे. स्पेनच्या भूमीवर ७११ पासून १४९२ पर्यंत कमीजास्त मुस्लिम सत्ता होती, त्या अंदलुसच्या बोलीतून तो आला. मूळ अर्थ 'अल्लाहने चाहिलं तर'. औषधी सिरपला स्पॅनिशमध्ये 'हाराबे' म्हणतात, तोही अरबी 'शराब' म्हणजे पेय यावरून आलेला. आपलं शरबत त्याच कुळातलं. टेक्सासच्या रुग्णालयात एखादी कॅथलिक आई हातात हाराबेची बाटली धरून ओहाला म्हणते, तेव्हा ती नकळत आपलीच दोन अक्षरं बोलत असते.

बाप्तिस्मा झालेलं लहान मूल गेलं तर ते 'आन्हेलितो', म्हणजे छोटा फरिश्ता होतं, असं मेक्सिकोत मानतात. १ नोव्हेंबर हा त्या मुलांच्या आठवणीचा दिवस. फुलं आणि खेळणी मांडून ठेवतात. नाबालिग मूल जन्नतमध्ये जातं आणि आईबापांसाठी शिफारस करतं, ही आपली श्रद्धा त्यापासून फार दूर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा मुलगा इब्राहीम दूधपिता असतानाच गेला. त्याला मांडीवर घेऊन प्रेषित रडले. एका सहाबीला आश्चर्य वाटलं, तेव्हा हे अश्रू म्हणजे रहमत आहे असं त्यांनी सांगितलं. सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणं, हे आपण कुठून काढलं कुणास ठाऊक.

सांगावं की लपवावं, हाही वाद आहे. १९९५ साली लॉस एंजेलिसमध्ये ६५ वर्षांवरच्या ८०० लोकांचा एक अभ्यास झाला. आजार जीवघेणा आहे हे रुग्णाला सांगावं, असं युरोपीय वंशाच्या ६९ टक्के लोकांना वाटत होतं, मेक्सिकन वंशाच्या ४८ टक्के लोकांना. लॅटिनो घरात बातमी आधी घराने झेलायची, रुग्णापर्यंत जपून न्यायची, असा रिवाज आहे. आपल्याकडेही तेच. पण मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांबद्दल जे लिहिलं, ते कोणत्याही घराला लागू पडेल. कुणी न सांगताही त्या मुलांना आपण मरणार हे कळलेलं होतं. आईबाप मुलांसाठी नाटक करत होते आणि मुलं आईबापांसाठी.

रुग्णवाहिका आणि चौकी

२०१० च्या कायद्याची एक हद्द सांगायलाच हवी. तो मेडिकेडवर उभा आहे, आणि कागद नसलेल्या मुलांना तातडीची सेवा सोडली तर मेडिकेड मिळत नाही. काही राज्यांनी स्वतःच्या पैशाने ही उणीव भरली. कॅलिफोर्नियाने मे २०१६ पासून १९ वर्षांखालच्या सगळ्या गरीब मुलांना, कागद असोत नसोत, पूर्ण वैद्यकीय संरक्षण दिलं.

टेक्सासात ऑक्टोबर २०१७ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या १० वर्षांच्या एका मुलीला शस्त्रक्रियेसाठी रुग्णवाहिकेतून नेत होते. आईबापांकडे कागद नव्हते, म्हणून ते घरीच थांबले. सोबत नागरिकत्व असलेली एक नातेवाईक होती. वाटेतल्या चौकीवर सीमा पोलिसांनी गाडी अडवली, मग मागोमाग रुग्णालयापर्यंत गेले, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर मुलीला ताब्यात घेऊन सरकारी निवाऱ्यात ठेवलं. देशभर ओरड झाली, तेव्हा दहाएक दिवसांनी ती आईकडे परतली. अशा बातमीनंतर घरी येणाऱ्या नर्सला दार उघडताना कुणाचा हात थरथरत नसेल? सॉन्डर्स यांच्या 'संपूर्ण वेदने'त हे भयही मोजावं लागेल.

साखर

आता आमच्या मुलीकडे येते. मी तिला सांगितलं, गुनाह तुझा नाही. ते ओझं मुळात तुझं नव्हतंच, ते आम्हा मोठ्यांचं. पुढच्या खेपेला मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. मुलीला भावाजवळ बसवलं. डॉक्टरांना म्हटलं, मला सावकाश सांगा, मी त्यांना त्यांच्या बोलीत सांगते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट सांगितलं. दुखलं तर कोणतं औषध, किती वेळाने, श्वास लागला तर काय करायचं, रात्री कोणाला फोन करायचा. एकेक वाक्य मी दखनीत सांगत गेले. 'आता बरा होणार नाही' हे वाक्य आलं, तिथे माझाच आवाज गेला. तीस वर्षांची माझी उर्दू आणि मराठी दोन्ही तिथे कमी पडल्या.

अम्मीने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "मेरे कू मालूम था, टीचर. छोकरी का मुँह देख के समझ गई थी मैं. उसके वास्ते शक्कर बाँटी."

मुलगा पुढे सात आठवडे घरी होता. बहुतेक रात्री त्याला झोप लागली, हे अम्मी आजही सांगते. मुलगी आता अकरावीत आहे. त्या दिवशी परतताना एस्टीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून आमचं गाव येईपर्यंत झोपली होती.